दसऱ्याच्या मुहूर्ताची गाडी

चूक घोरपडकाकांची होती, आणि त्यांना उलटून बोलायला घाबरणाऱ्या मुंगसाची. जनावरं गाड्या चालवायची, त्या काळातली ही गोष्ट.

मुंगसाकडे छोटी गाडी होती. जुनी, पण पहिल्याच चावीला सुरू होणारी. बायकोचे दिवस भरत आले होते, दवाखाना डोंगरापलीकडे होता, आणि त्याला झोप लागत नव्हती.

काका म्हणाले, "बारशाला पाहुणे काय या डबड्यातून आणणार? कोल्ह्याची मोठी गाडी बदल्यात घे. ती दसऱ्याला दारात आणू. ही मात्र आजच देऊन टाक, जुनं दारात असलं की नवं लाभत नाही."

"काका, दसऱ्याला आठ दिवस आहेत," बायको म्हणाली. "मधेच कळा आल्या तर?"

"सूनबाई, आमच्या वेळी बायका रानात बाळंत व्हायच्या."

मुंगूस मान हलवून गाडी देऊन आला. नव्या गाडीची चावी काकांनी आपल्या देव्हाऱ्यात ठेवली.

पाचव्या दिवशी कळा सुरू झाल्या. मुंगूस चावी मागायला धावला.

"अजून तीन दिवस आहेत रे," काका म्हणाले. "मुहूर्त मोडू नये."

मुंगूस परत फिरला आणि बायकोला पाठीवर घेऊन डोंगर चढला. त्याचं पहिलं पिल्लू वाटेतच गेलं.