शिवेचा दगड सरकला तेव्हा

डोंगराच्या अंगावर अजून गाडीरस्त्याची रेघ उमटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकली, आणि त्यांनी कोणाकडून ऐकली ते त्यांना आठवत नव्हतं. वांजुळदरा नावाचं एक गाव होतं. आजही आहे. गावाच्या शिवेवर एक मोठा काळा दगड होता. दगडाच्या पलीकडे कातळ होता, आणि कातळावर एका झोपडीत ठकाई राहायची.

ठकाई वैदू नव्हती. तिच्याकडे बटवा नव्हता, मंत्र नव्हता. दिवस उजाडला की ती टोपली घेऊन रानात जायची. कुर्डू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या, ज्या दिवसांत जे उगवलेलं असेल ते आणायची. उतारावर तिची मूठभर नाचणी असायची, बांधाला हुलगे असायचे. सूर्य मावळला की ती झोपायची. ती किती वर्षांची होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गावातल्या पिकल्या केसांच्या माणसांनाही ती अरेतुरे करायची, कारण त्यांच्या जन्माच्या वेळी सुईण तीच होती. असं म्हणतात की ती चालून गेली की तिच्या पावलांच्या ठशांत दुसऱ्या दिवशी पालेभाजी उगवलेली असायची.

गावचे पाटील होते धावजी. त्यांना एकच मुलगी, येसू. तिचं लग्न खालच्या मुलखातल्या मोठ्या घरात ठरलं. वऱ्हाड डोंगर चढून आलं, पंगत बसली, आणि वाढप्यांनी नेहमीसारखी नाचणीची भाकरी वाढली. नवऱ्याच्या मामाने भाकरी दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवली.

"पाटील, ही जेवायची, का हिने तवा घासायचा?"

वऱ्हाड हसलं. येसूने मान खाली घातली. धावजी पाटलांना ते हसू आयुष्यभर पुरलं.

लग्न पार पडलं, पण वऱ्हाड डोंगर उतरताच पाटलांनी गाव देवळापुढे गोळा केलं. देवाच्या पायरीवर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली: शिवेच्या आत नाचणी शिजणार नाही, रानपाला शिजणार नाही, आणि शिवेच्या आत हे कोणी खाणारही नाही. आजपासून वांजुळदरा भात खाणार, तोही पांढराशुभ्र.

आणि गावाने शब्द पाळला. चांगल्या जमिनीत भात आला. बाया तो उखळात सडून सडून मोगऱ्यासारखा पांढरा करायच्या. कोंडा गुरांना जायचा. रानात जायचं कारण उरलं नाही, म्हणून बाया घरात बसल्या. इभ्रतीच्या घरात दिवे उशिरापर्यंत जळले पाहिजेत, म्हणून माणसं जागू लागली. तीन वर्षांत गाव कसं झालं म्हणता? गुरं टुणटुणीत आणि माणसं वाळलेली. भादव्यात ताप यायचा, तो पूर्वीही यायचा. पण पूर्वी पाहुण्यासारखा दोन दिवस राहून जायचा. आता तो घरजावयासारखा मुक्काम ठोकू लागला.

ठकाई शपथेच्या विरोधात एक शब्द बोलली नाही. तिने फक्त कातळावर तीन दगडांची चूल मांडली. कातळ शिवेबाहेर होता. ज्याला यायचं त्याने सकाळी चालत यावं, उन्हात बसावं, खावं, चार गोष्टी बोलाव्यात, घरी जावं. सुरुवातीला एकटा बुधा आला. बुधा म्हणजे गावातला खुशालचेंडू माणूस, कुठेही खायला मिळालं की पहिला हजर.

आठ दिवसांत बुधाला तरतरी आली, आणि बुधाच तो, त्याला वाटलं की थोड्याने एवढं होतं तर पुष्कळाने किती होईल. ठकाई जेवणाआधी थोडा कडू काढा द्यायची, त्याचं अख्खं मडकं त्याने तिच्या नकळत रिकामं केलं. मग तीन दिवस तो झाडाआडच होता.

"ठकाई, मेलो गं," तो पोट धरून म्हणाला. "तुझ्या औषधाने मारलं मला."

"औषधाने नाही रे, हावरटपणाने," ठकाई म्हणाली. "अरे, प्रत्येकाच्या अंगात एक राखणदार असतो. त्याला उपाशी ठेवलंस तर तो झोपतो, आणि चोर घरात शिरतो. पण त्याला डिवचून डिवचून पिसाळवलंस तर तो घरच्यांनाच चावतो. त्याला पोटभर दे, झोपू दे, जरा फिरवून आण. एवढंच मागतो तो."

"आणि काढा?"

"काढा चमचाभर. मडकं परत आण माझं."

हे बोलणं बुधाने गावभर सांगितलं, आणि सकाळी कातळावर माणसं वाढू लागली. पाटील मात्र कधी गेले नाहीत.

त्याच वर्षी भादव्यात येसू माहेरी आली. सासरच्यांनी तिला डोलीतून आणून सोडलं. मांडीवर चार महिन्यांची मुलगी होती. येसूला दर पंधरा दिवसांनी ताप यायचा, अंगावरचं दूध आटलं होतं, हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकायची. तिच्या सासरी तर पंगतीला दोन वेळा पांढरा भातच असायचा. पाटलांनी तालुक्याहून वैद्य आणला. वैद्याने नाडी पाहिली, ताप उतरायची पुडी दिली आणि पाटलांना अंगणात बोलावलं.

"हा ताप उतरेल," तो म्हणाला. "पण पुढचा सोसायला हिच्यात काही उरलेलं नाही. अंगात जोर येईल असं काही पोटात जाऊ द्या. आणि हिला आता हलवू नका. डोलीच्या हिसक्यांनीच निम्मी झालीय."

येसूच्या तोंडात भाताचा घास फिरत राहायचा. ती आईला म्हणाली, "लहानपणी तू आंबील द्यायचीस ना, ती दे." आई पदराने डोळे पुसत चुलीपाशी गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. घरात नाचणीचा दाणा नव्हता, आणि असता तरी शपथ होती. आणि शपथ घालणारा घरातच बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावजी पाटील कातळावर गेले. माणसं खात होती, ती उठून उभी राहिली. पाटील कोणाकडे न बघता ठकाईला म्हणाले, "माझ्या येसूला तुझ्या हातचं खायला घालायचंय."

"घाल की. घेऊन ये तिला."

"तिला हलवता येत नाही."

"मग मी येते घरी."

"शिवेच्या आत कसं?" पाटलांचा आवाज चिरकला. "देवापुढे हात ठेवलाय मी. मीच मोडली तर गाव काय म्हणेल?"

ठकाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"धावज्या," मग ती म्हणाली, "शपथ नको मोडूस. पोर शिवेपर्यंत येऊ शकत नाही ना? मग शीव पोरीपर्यंत ने."

"शीव म्हणजे काय बसायचा पाट आहे, इकडून तिकडे सरकवायला?"

"दगडच आहे तो. दगडाला काय कळतंय, तो कुठे आहे ते? तुलाच कळतंय."

पाटलांना सगळं कळत होतं. त्यांचं घर शिवेकडून पहिलंच. दगड त्याच्या पलीकडे नेला तर पाटलाच्या गुरांचा वाडगा, पाटलाची भाताची खाचरं, खुद्द पाटलाचं घर गावाबाहेर जाणार. ज्या पाटलाचं घरच गावात नाही, त्याला पाटील कोण म्हणेल? एका भाकरीवरून हसले म्हणून त्यांनी एवढं केलं होतं. आता तर पंचक्रोशी हसणार होती.

ते शिवेच्या दगडापाशी गेले. बुधा पहार घेऊन मदतीला धावला. पाटलांनी त्याला हातानेच थांबवलं आणि पहार स्वतः घेतली. शर्थ केली, दगड हलला नाही. चार माणसांनाही तो हलत नसे. पाटलांच्या तळहातांना फोड आले. मग त्यांनी पहार टाकली, पागोटं काढून खाली ठेवलं, दगडाला कपाळ टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "माझं चुकलं. माझी लाज मी लेकरांच्या ताटात वाढली."

असं म्हणतात की त्यानंतर तो दगड नारळाएवढा हलका झाला. पाटलांनी तो ढकलला आणि तो लोळत निघाला, शिवेवरून बांधावर, बांधावरून खाचरात, भात चिरडत, चिखल उडवत, थेट पाटलांच्या मागच्या दारापुढून जाऊन अंगणाच्या पलीकडे थांबला. बुधा मरेपर्यंत सांगायचा, "उतार होता हो तिथे!" पण ज्यांनी पाहिलं ते सांगायचे की तो दगड उतारावर थांबला होता. उतारावर कधी दगड थांबतो का?

ठकाई टोपली घेऊन पाटलांच्या घरी आली. शपथ मोडली नव्हती, ते घर आता शिवेबाहेर होतं. तिने आधी खिडक्यांवर टांगलेली पोती काढली. मग नाचणीची पातळ आंबील केली आणि येसूला चारच घोट पाजले. आई म्हणाली, "अजून दे गं." ठकाई म्हणाली, "बुधाला विचार जास्तीचं काय होतं ते." तिसऱ्या दिवशी हुलग्याचं कढण दिलं. मग कुर्डूची भाजी, मग जवसाची चटणी, मग अर्धी भाकरी. सकाळचं ऊन ओटीवर आलं की येसूला उन्हात बसवायची. दिवेलागणीनंतर घरात मोठ्याने बोलायचं नाही, असा पाटलांनाच हुकूम होता. आणि रोज वेगळ्या घरची एक बाई येऊन येसूपाशी बसायची, हसवायची. ठकाई म्हणायची, हेही जेवणच आहे.

येसू एका दिवसात बरी झाली नाही. कोणी तसं सांगितलं तर ते खोटं. पण दिवाळीला ती मुलीला कडेवर घेऊन, स्वतःच्या पायांनी, कातळावर आली. पुढच्या भादव्यात तिला ताप आला. दोन दिवस राहिला आणि गेला.

मग काय झालं, की शेजारीण म्हणाली, "पाटील, दगड आमच्या दारावरूनही न्या की." मग तिच्या शेजारचा म्हणाला. दगड एकेक घर मागे सरकत गेला, घरंच्या घरं शिवेबाहेर पडली, आणि एक दिवस असा आला की वांजुळदऱ्याच्या शिवेच्या आत फक्त देऊळ उरलं. शपथ आजही कोणी मोडलेली नाही. देवळात अजून भाताचाच नैवेद्य असतो. आणि ज्यांचं घरच गावाबाहेर, त्या धावजींना लोक शेवटच्या दिवसापर्यंत पाटीलच म्हणत राहिले.

ठकाई पुढे किती जगली, ते कोणी मोजलं नाही. एका सकाळी ती टोपली घेऊन रानात गेली, ती परत आली नाही. टोपली कातळावर सापडली, भाजीने भरलेली. असं म्हणतात की ती निघून गेली नाही, फक्त अजून तिचं वेचणं संपलेलं नाही.

आता रस्ता झाला आहे, खाली सरकारी दवाखाना आहे, आणि कोणी आजारी पडलं तर आधी त्याला तिथेच नेतात. गोळ्या घेतात, इंजेक्शन घेतात. पण माणूस घरी आला की त्याच्या दारापुढे एक दगड आणून ठेवतात. त्याला ठकाईची शीव म्हणतात. तो दगड दिसला की घराघरांतून रोज एक वाटी येते, आज कोणाकडून आंबील, उद्या कोणाकडून भाजी, परवा हुलगे, कोणी नुसतंच गप्पा मारायला येतं. माणूस स्वतःच्या पायांनी कातळापर्यंत चालत गेला की दगड उचलतात.

आणि तो दगड दारात कोणी आणायचा, तेही ठरलेलं आहे. त्या घरात ज्याची मान सगळ्यांत ताठ, त्याने.