तांबडी तीनदा, पिवळी एकदा

"या गोळीत गेरूचं काम काय?"

मुकुंदानं गेरूचा डबा बुवांसमोर आदळला. कॉलेजात औषधशास्त्र शिकून मठात आलेला हा शिष्य. हुशार, पण डोकं कायम तापलेलं.

"औषध म्हणून काहीच नाही," रेवणबुवा गोळ्या वळत म्हणाले.

"आणि पिवळीत हळद?"

"तीही रंगापुरतीच."

"म्हणजे अडाणी माणसांना भुलवायचं! साधूच्या मठात ही फसवणूक? अहो, गेरू आपल्या कफन्यांसाठी आणतात. पवित्र वस्त्राचा रंग तो. गोळ्यांना कसला फासताय?"

बुवा गोळ्या वळतच राहिले.

"महिना झाला, मी वळून वाटतो त्या गोळ्यांना रंग बंद केलाय. शुद्ध गोळी, पुडीवर नाव. संपलं!"

बुवांचे हात थांबले.

"भागाबाईलाही तशाच दिल्यास?"

"सगळ्यांनाच."

बुवा उठले ते चपला न घालताच. उतार उतरून थेट भागाबाईच्या घरात. मुकुंद मागोमाग.

भागाबाईचा नवरा खाटेवर पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"बुवा, चार दिस झाले, जुलाब थांबंनात," भागाबाई रडत म्हणाली. "दम्याची तांबडी दिसात तीनदा, पोट साफ व्हायची पिवळी आठवड्यात एकदा. इतकी वर्षं चुकले नाही हो मी! ह्या खेपेला दोन्ही सारख्याच मातकट. कुठली कुठली, कसं कळावं?"

"पुडीवर लिहिलं होतं!" मुकुंद उसळला.

"मला वाचता येत असतं तर..."



बुवांनी जीप बोलावली, म्हाताऱ्याला उचलून आत ठेवलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी परतले. म्हातारा वाचला होता, अगदी थोडक्यात.

मठाच्या ओट्यावर मुकुंद बसला होता. मांडीवर धुऊन फिकी पडलेली कफनी, पुढ्यात घमेल्यात कालवलेला गेरू. एवढं होऊनही स्वारीचा ताठा काही उतरला नव्हता!

"दोन अक्षरं शिकायला काय होतं या लोकांना?" तो म्हणाला.

बुवांचा चेहरा संतापानं थरथरला. मठात त्यांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी कफनी ओढून बाजूला फेकली. गोळ्यांनी भरलेलं सूप घमेल्याशेजारी ठेवलं...

"आधी भागाबाईच्या गोळ्या. गेरू उरला, तर तुझी कफनी."