टेकडीवरचा धोतरा

फार जुनी गोष्ट. एका रानात धोतऱ्याच्या बियांची नशा पसरली होती. पिल्लं त्या बिया चघळायची आणि झिंगून कड्यावरून खाली पडायची. लांडगा म्हणाला, "मला कारभारी करा. या नशेचा नायनाट करतो." रानाने त्याला निवडून दिलं.

त्याचे रानकुत्रे रोज झिंगलेल्या पिल्लांना धरून गुहेत कोंडू लागले. काटेरी साळूचं एकुलतं एक पिल्लूही त्यांनी असंच नेलं. ते आजारी पडलं, पण कुणी पाणीसुद्धा पाजलं नाही. तिथेच ते गेलं.

पुढच्या निवडणुकीची सभा भरली. "माझं काम बघा," लांडगा छाती फुगवून म्हणाला. "सगळ्या गुहा भरल्यात!"

साळू संतापाने उभी राहिली. तिच्या अंगावरचे काटे ताठ झाले होते.

"कारभारी, गुहा आमच्या लेकरांनी भरल्यात. धोतरा पिकवतो तो तरस, त्या टेकडीवर. तिथे तुमचा एक तरी कुत्रा कधी फिरकला का?"

"तरसभाऊ प्रतिष्ठित आहेत. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. खाली बस."

साळू बसली नाही. ती तडक टेकडीवर गेली आणि झुडपं मुळासकट उकरू लागली. तिच्यामागोमाग इतर आयाही आल्या.

थोड्याच वेळात रानकुत्रे धावत आले. त्या टेकडीवर ते पहिल्यांदाच चढले होते, आणि तेही साळूला पकडायला. त्यांनी तिला फरफटत नेलं.

आयांनी मात्र उकरणं थांबवलं नाही.