काढून टाकलेल्या दोनशे ओळी

“वस्ताद, आता तरी मला प्रोग्रामर म्हणाल का?”

वस्ताद कीबोर्ड धूत होते. सगळी बटणं उपसून साबणाच्या पाण्यात टाकली होती आणि एकेक चोळून वर्तमानपत्रावर वाळत घालत होते.

“लोक म्हणत्यात की.”

“लोकांचं सोडा ओ. तुम्ही म्हणा.”

वस्तादांनी आणखी एक बटण चोळलं...

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत हुसेन मुल्लांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बिघडलेली मशिनं उघडता उघडता ते प्रोग्रामिंग शिकले आणि तेव्हापासून गाव त्यांना वस्ताद म्हणतं. आमच्या शाळेचा प्रिंटर तीन आठवडे त्यांच्याकडे पडून होता, म्हणून मी त्या दिवशी तिथं बसलो होतो. प्रिंटरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते असो.

विचारणारा होता तेजपाल मगदूम, वय बावीस. डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला. कुठल्याही क्लासला न जाता आपल्या आपण शिकलेला, आणि हे तो दर पाच मिनिटांनी सांगायचा. दुसऱ्यानं बनवलेला गेम उघडायचा आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं, याला ही पोरं मॉड म्हणतात. तेजपालनं एका परदेशी ट्रकच्या गेममध्ये आपला आंबोली घाट घातला होता. वळणं, धुकं, दरीकडेचे कठडे, चहाची टपरीसुद्धा. बेचाळीस हजार लोकांनी तो मॉड उतरवून घेतला होता.

सोमवारी पुण्याच्या एका गेम कंपनीत त्याची मुलाखत होती. त्याआधी त्याला वस्तादांचा एक शब्द हवा होता. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकही वाटत होतं आणि त्याच्या तोऱ्याचा रागही येत होता.

“दाखव,” वस्ताद म्हणाले.

तेजपालनं लॅपटॉप उघडला. “हे धुकं बघा. ऊन वर चढलं की हळूहळू विरतं. आणि ही...”

“ते ऱ्हाऊ दे. काढलंस काय ते दाखव.”

वस्तादांची ही जुनी रीत. नवीन काय घातलंस, हे ते कुणालाच विचारत नाहीत. ते सगळे आपण होऊन दाखवतात, असं त्यांचं म्हणणं.

तेजपालनं जरा नाराजीनंच काढून टाकलेल्या गोष्टींची यादी पुढं केली. वस्तादांनी हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं, चष्मा चढवला. पडद्यावर बोट ठेवून ते एकेक ओळ वाचत खाली आले आणि एके ठिकाणी थांबले.

“जुने कंट्रोल. दोनशे ओळी. अनावश्यक... हे काय?”

तेजपाल हसला. “ते होय? ते माझं पहिलं काम. चार वर्षांपूर्वीचं. तेव्हा मला काय येत होतं? इथनं तिथनं उचलून जोडलेलं. एकच गोष्ट बारा वेळा लिहिलेली. अर्ज केला की कंपनीवाले कोड वाचणार, त्यांच्यापुढं ठेवायची लाज वाटली.”

“चालत होतं?”

“चालत होतं, पण...”

“चालत होतं.”

“वस्ताद, नुसतं चालणं म्हणजे चांगलं नव्हे. हे तुम्हीच म्हणता की.”

वस्तादांनी त्या ओळीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, “करायचं काय ते?”

“सगळा ट्रक डाव्या हातावर चालायचा. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, हॉर्न. पाच बोटांत सगळं बसवलं होतं.”

“आणि आता?”

“आता खऱ्यासारखं. स्टिअरिंग उजव्या हाताला, गिअर डाव्या हाताला. दोन्ही हात गुंतले, की कुठं घाट उतरल्यासारखं वाटतं. लोकांना तेच आवडलंय.”

“जुनं किती जण वापरत होते?”

“बघितलं ना. उगीच नाही काढलं. कोण काय वापरतो, त्याचे आकडे माझ्याकडे येतात.” तेजपालनं खुर्ची पुढं ओढली. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. “तेव्हाच्या अडतीस हजारांत एक.”

“एक.”

“एकच. एका माणसासाठी दोनशे ओळी कोण सांभाळत बसणार?”

वस्तादांनी चष्मा काढला.

“नाव काय त्याचं?”

“नाव कसं कळणार वस्ताद? आकड्यात नाव नसतं. नुसता...”

आणि तेजपाल थांबला.

बाहेरून भाजीचा एक टेम्पो गेला. समोरच्या दुकानदारानं कुणाला तरी हाक मारली. तेजपाल पडद्याकडे बघत होता, पण वाचत काही नव्हता...

“दादा,” तो म्हणाला.

सन्मती मगदूम, त्याचा थोरला भाऊ. गूळ भरून ट्रक घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला जायचा. चार वर्षांपूर्वी आजऱ्याजवळ ट्रक उलटला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. घरी आणल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आई भरवायची, तेही निम्मं ताटात राहायचं. धाकट्यानं त्याच्यासाठी कुठूनसा हा ट्रकचा गेम मिळवला, तर तो दोन हातांचा निघाला.

तेव्हा हा तेजपाल या दुकानात आला होता. प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाला एका हातानं चालवता येईल असं काही करता येतं का, एवढंच त्यानं विचारलं होतं. वस्तादांनी त्याला गेमची फाइल उघडून दिली आणि एक आकडा बदलायला सांगितलं. त्या दोनशे ओळींना पुढं पाच महिने लागले. घाट त्यानंतर आला, तोही दादा म्हणाला म्हणून, की या गेममधले रस्ते फार सरळ आहेत रे.

हे सगळं गावाला ठाऊक आहे. तेजपाल तेवढा विसरला होता.

“कधीपासून खेळला न्हाई तो?” वस्तादांनी विचारलं.

“दोन महिने झाले. नवी आवृत्ती आपोआप सगळ्यांकडे गेली, त्याच्याकडेही गेली असणार. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, कंटाळा आला. मला वाटलं, आला असेल.”

“तुला सांगितलं का न्हाई त्यानं?”

“काय माहीत.”

“माहीत हाय तुला.”

तेजपालनं लॅपटॉप बाजूला सारला. मग खाली मान घालून म्हणाला, “चाळीस हजार झाले तेव्हा पेढे त्यानंच आणले. गल्लीत घरोघर वाटले. माझ्या भावानं केलंय म्हणून सांगत होता... तेव्हा मी ते काढून टाकलेलं होतं, वस्ताद.”

मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

त्यानं नाक पुसलं आणि लॅपटॉप जवळ ओढला. “आत्ताच्या आत्ता परत घालतो.”

“जुनी प्रत हाय?”

“नाही. सगळीकडनं पुसली. मागचं कुणी काढून बघायला नको म्हणून.”

“मग?”

“परत लिहितो की. तेव्हा येत नव्हतं म्हणून पाच महिने लागले. आता दहा मिनिटांचं काम. दोनशे कशाला, वीस ओळींत बसवतो. आधीपेक्षा चांगलं.”

वस्ताद उठले. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी तेजपालचा उजवा हात धरला, खुर्चीच्या दांडीला लावला आणि मनगटावरून फडक्याचे दोन वेढे देऊन गाठ मारली. घट्ट मारली. मला आधी चेष्टाच वाटली, पण वस्तादांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

“वस्ताद, काय करताय?”

“घाट उतर.”

तेजपालनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे पाहिलं.

त्यानं डाव्या हातानं गेम सुरू केला. ट्रक निघाला. सरळ रस्त्यावर बरं चाललं होतं. पहिलं वळण आलं, तेजपाल गिअर उतरवायला गेला आणि स्टिअरिंग सुटलं. ट्रक कठडा तोडून दरीत गेला.

पुन्हा निघाला. या वेळी स्टिअरिंग धरून ठेवलं, तर गिअर राहिला. पुन्हा दरी.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. डावा हात कीबोर्डभर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा हात आपोआप उठायचा, फडक्याला हिसका बसायचा आणि खुर्ची कुरकुरायची. त्यानंच केलेला घाट होता. एकेक दगड त्यानं बसवलेला. पहिल्या वळणापलीकडे त्याला जाता येईना.

नवव्यांदा ट्रक दरीत कोसळला तेव्हा त्यानं हात मांडीवर टाकला. तो रडत होता. आवाज नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला उजवा हात पुन्हा उठला होता.

“दादा किती वेळा पडला असेल?” त्यानं विचारलं.

वस्तादांनी वाकून गेम बंद केला. एक कोरी फाइल उघडली. लॅपटॉप तेजपालच्या अंगाला येईल इतका पुढं सरकवला आणि ते आपल्या जागी जाऊन पुन्हा बटणं चोळू लागले.

तेजपालनं डाव्या हातानं डोळे पुसले. श्वास घेतला. कोऱ्या फाइलकडे बघितलं, मग बांधलेल्या हाताकडे. “कळलं मला वस्ताद,” असं म्हणत तो डाव्या हाताच्या बोटांनी गाठ चाचपू लागला. “एवढं सोडतो आणि बसतो. दहा मिनिटं.”

वस्तादांनी पाण्यातून एक बटण काढलं, उजेडाला धरून बघितलं, वर्तमानपत्रावर ठेवलं...

“गाठ ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “लिही.”