परात पडल्याचा आवाज

एकदा एक शिष्य घर शोधता शोधता इतका गांजून गेला की शेवटी त्याने हव्या असलेल्या गोष्टींची यादीच केली आणि ती घेऊन तो आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला. यादी सतरा ओळींची होती. दार पूर्वेला असावे, विहीर अंगणात असावी, भिंती जाड दगडी असाव्यात, छप्पर गळू नये, स्वयंपाकघरात धूर कोंडू नये, देवासाठी कोनाडा असावा, आणि हे सारे त्याच्या तुटपुंज्या पुंजीत बसावे. घर पाहावे बांधून असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्यापाशी बांधण्याचे बळ नसते त्याला दुसऱ्यांनी बांधलेल्या घरांतूनच निवडावे लागते, आणि ते काम काही कमी जिवावरचे नसते.

हा शिष्य म्हणजे कोणी कोवळा मुलगा नव्हे. तिशीला टेकलेला, सकाळी पाठशाळेत धाकट्यांना शिकवणारा आणि दुपारी आचार्यांपुढे बसून न्यायशास्त्र वाचणारा गृहस्थ होता तो. घरी तो आणि त्याची पत्नी मालन, दोघेच. मालनला आकडी येत असे. कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यात दोनदा. ती उभ्याउभ्या कोसळे, दातखीळ बसे, हातपाय झडत. मागच्या थंडीत ती चुलीजवळ पडली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. वैद्यांचे औषध चालू होते, गुण सावकाश येत होता. शिष्याने ही गोष्ट गावात कोणालाही कळू दिली नव्हती. लोक बाहेरची बाधा म्हणतील, अंगात येते म्हणतील, पोरीला मांत्रिकाकडे न्या म्हणतील, याची त्याला धास्ती होती. तरीही घरमालकाने एकदा खिडकीतून पाहिलेच. दुसऱ्याच दिवशी मालकाच्या भाच्याला जागेची निकड निर्माण झाली आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घर रिकामे करावे असा निरोप आला.

तेव्हापासून शिष्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. घरी परतताना तो दारापाशी थांबे आणि आत बांगड्यांचा, भांड्यांचा काही आवाज येतो का ते ऐके. आवाज आला की मगच कडी काढण्याचे धैर्य त्याला होई. आवाज आला नाही तर त्याचे हात गार पडत. ही भीती त्याने कोणाला सांगितली नव्हती, आणि यादीतही लिहिली नव्हती.

आचार्यांनी यादी दोनदा वाचली. मग त्यांनी कोणती घरे पाहिलीस असे विचारले. शिष्याने तीन सांगितली. पहिले गावाबाहेर, एका व्यापाऱ्याच्या मळ्यातले. यादीतल्या सतरांपैकी पंधरा गोष्टी तिथे जुळत होत्या आणि व्यापारी किंमतही पडती घ्यायला तयार होता. दुसरे नव्या पेठेत, स्वच्छ आणि नेटके, पण ऐपतीच्या जरा वर. तिसरे विणकर आळीत, आणि ते त्याने केवळ दलालाच्या आग्रहाखातर पाहिले होते. मळ्यातल्या घराचा विसार उद्याच द्यावा असे त्याच्या मनात होते.

‘उद्या देऊ,’ आचार्य म्हणाले. ‘आज घरी जा आणि कणीक मळायची मोठी परात घेऊन ये. तिन्ही घरे मला पाहायची आहेत.’

गुरूंची आज्ञा म्हणून शिष्य परात घेऊन आला. भर दुपारी काखेत पितळी परात मारून गुरूंच्या मागून बाजारातून चालताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एका दुकानदाराने तर परात मोडीत काढायची आहे का म्हणून विचारले. आचार्य ऐकू न आल्यासारखे पुढे चालत राहिले. मोठ्या माणसांच्या मागून चालणाऱ्यांच्या वाट्याला असे प्रसंग येतातच.

मळ्यातले घर खरोखरच देखणे होते. चिरेबंदी भिंती, गार सावली, अंगणात काठोकाठ भरलेली विहीर. व्यापाऱ्याने किल्ली दिली आणि तो गावात निघून गेला. आचार्यांनी शिष्याला सांगितले की, तू स्वयंपाकघरात जा, दार लोटून घे, परात छातीइतकी उंच धर आणि खाली सोड. मग कोणी येईपर्यंत तिथेच थांब. मी वाटेवर, त्या चिंचेखाली बसतो.

शिष्याने परात सोडली. दगडी फरशीवर ती असा कडाका करून आदळली की त्याचे कान बधिर झाले. ती गरगरली, थरथरली आणि हळूहळू निजली. मग काहीच झाले नाही. पहिल्यांदा त्याला नुसता कंटाळा आला. मग त्याचे लक्ष फरशीकडे गेले. परातीची कड जिथे आपटली होती तिथे दगडाला काही झाले नव्हते, पण पितळेला पोचा आला होता. आणि त्याला मालनचे डोके दिसले. त्याच जागी, त्याच दगडावर. तो सकाळी सातला निघणार, पाठ आटोपून संध्याकाळी परतणार. त्या अवधीत ती इथे पडली तर भिंती तो आवाज आतल्या आत गिळून टाकतील, कोणालाही काही कळणार नाही, आणि अंगणात विहीर काठोकाठ भरलेली.  दार उघडून पळावे असे त्याला वाटले, पण कोणी येईपर्यंत थांब अशी आज्ञा होती, म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.  किती वेळ गेला ते त्याला कळले नाही. कोणी आले नाही.

शेवटी तो स्वतःच बाहेर आला. आचार्य चिंचेखाली शांत बसले होते. ‘टाकलीस का?’ त्यांनी विचारले. त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचलाच नव्हता. शिष्याने मान हलवली. 

नव्या पेठेतल्या घरात त्याने परात सोडली, तेव्हा आवाज सगळ्या पेठेने ऐकला असावा. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, ही दुपारची निजायची वेळ आहे असे एका गृहस्थाने सुनावले आणि खिडकी बंद झाली. आत कोण आहे, काय झाले, हे त्याने विचारले नाही. आचार्य रस्त्यावर उभे राहून खिडकीकडे पाहत होते. त्यांनी पुढचा रस्ता धरला.

विणकर आळी म्हणजे बोळच. दोन्ही बाजूंना घराला घर चिकटलेले, प्रत्येक घरात एकेक माग, आणि त्या मागांची खटखट पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत अखंड. विकाऊ घर दोन खोल्यांचे होते. दार पश्चिमेला, पाण्याचा नळ आळीच्या तोंडाशी, चुलीचा धूर जायला एक झरोका. सतरांपैकी जेमतेम चार गोष्टी जुळत होत्या. या कोलाहलात कोणी राहावे तरी कसे, असे शिष्याने पहिल्या खेपेस दलालाला विचारले होते.  आता मात्र त्याने दार लोटले आणि परात सोडली.

भिंतीपलीकडचा माग थांबला. लगेच त्याच्या पुढचाही थांबला. भिंतीतूनच एका बाईचा आवाज आला, ‘काय पडलं गं?’ उत्तराची वाट न पाहता ती दारातून आतच आली. पन्नाशीची, केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले, हात पदराला पुसत. तिच्या मागे दोन माणसे. शिष्य परातीपाशी ओशाळून उभा होता. रिकाम्या घरात परात कशी पडली, याचे कोडे त्या तिघांच्या चेहऱ्यांवर होते.

आचार्यांनी त्यांची क्षमा मागितली आणि घर पाहायला आलो आहोत असे सांगितले. त्या बाईंचे नाव चंद्राक्का. एवढ्या खटखटीत परात ऐकू आली कशी, असे आचार्यांनी विचारले. त्यात काय मोठेसे, असा तिचा चेहरा झाला. मागाचा आवाज आमच्या कानांना आवाज वाटतच नाही, ती म्हणाली. त्यात नसलेला आवाज मात्र टोचतो. आणि शेजारचा माग अवेळी थांबला की हातातला सुताचा धोटा ठेवून उठायचे, जाऊन पाहायचे, ही आळीची जुनी रीत आहे. तिच्या सासऱ्यांना मागावर बसल्याबसल्या छातीत कळ आली होती. माग थांबला म्हणूनच शेजारी धावले आणि म्हातारा पुढे सहा वर्षे जगला. एवढे सांगून ती आपल्या कामाला गेली.

दोघे उंबऱ्यावर बसले. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. ‘आपल्याला ठाऊक होते?’ त्याने विचारले.

‘दुपारच्या पाठातून तू दोनदा उठून घरी जातोस. तुझ्या पत्नीचा हात भाजलेला मी पाहिला आहे. तू सांगितले नाहीस, म्हणून मी विचारले नाही,’ आचार्य म्हणाले. ‘तुझी यादी खोटी नाही. पण त्या सतरा गोष्टींपैकी एखादी नसली तर तुझी गैरसोय होईल, एवढेच. जी नसली तर तुझे सर्वस्व जाईल, ती तू लिहिलीच नाहीस. माणूस असेच करतो. ज्याचे भय सर्वांत मोठे, त्याचे नाव घ्यायला तो धजत नाही, आणि मग कोनाडे मोजत बसतो. बाबा रे, भय हा काही शत्रू नव्हे. आपल्याला सर्वांत प्रिय काय आहे ते तेच दाखवते. निवड करायची वेळ आली की प्रथम त्याला विचारावे.’

 मग शिष्याने खरी अडचण सांगितली. मळ्यातले घर त्याला आवडले होते ते विहिरीसाठी नव्हे. तिथे कोणाला काही दिसले नसते, काही कळले नसते. इथे आठ दिवसांत सगळ्या आळीला कळेल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, आचार्य,’ तो म्हणाला.

‘मुठीत निखारा असेल तर भाजतो तो आपलाच हात,’ आचार्य म्हणाले. ‘विसार देण्याआधी त्या बाईंना सांग. देऊन झाल्यावर नको.’

हे मात्र घर शोधण्याहून कठीण होते. चंद्राक्काच्या दारापर्यंत अवघी दहा पावले, पण शिष्य दोनदा मागे फिरला. ती नाही म्हणाली तर अक्षय्य तृतीयेला बायकोला घेऊन कुठे जायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. पाठशाळेतही बातमी पोहोचेल. तिसऱ्यांदा तो दारात उभा राहिला आणि खाली मान घालून त्याने एका दमात सारे सांगितले. माग थांबला.  

‘आधी काही कळतं का तिला?’ तिने विचारले. ‘डोळ्यापुढं अंधारी, असं काही?’

कधी कळते, कधी नाही, असे तो म्हणाला. वैद्यांनी कुशीवर वळवायला सांगितले आहे, तोंडात काही घालायचे नाही, हेही त्याने सांगितले. तिने ते पुन्हा एकदा नीट विचारून घेतले. मग चुलीपुढे बसायची जागा बदलावी लागेल असे म्हणून ती त्याला घर दाखवायला स्वतःच उठली.

अक्षय्य तृतीयेआधीच दोघे तिथे राहायला आली. आळीतली सगळीच माणसे चंद्राक्कासारखी नव्हती. समोरच्या म्हातारीने पहिले दोन महिने आपल्या सुनेला मालनशी बोलू दिले नाही, आणि एकाने उंबऱ्यावर लिंबू-मिरची आणून ठेवली. शिष्याला ते लागले. पण मालन चंद्राक्काकडे धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसू लागली, सूत गुंडाळायच्या रहाटाचा कुरकुर आवाज भिंतीपलीकडे जाऊ लागला, आणि हळूहळू लोकांना तो ओळखीचा झाला.

श्रावणातल्या एका सकाळी शिष्य पाठशाळेत शिकवत असताना आळीतला एक विणकर दारात येऊन उभा राहिला. अंगावर सूत तसेच होते. ‘चला,’ तो एवढेच म्हणाला. शिष्य धावत सुटला. वाटेत त्याने काहीही विचारले नाही, कारण उत्तर ऐकण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते. आळीत शिरताच त्याच्या लक्षात आले की सगळे माग बंद आहेत. आपल्या दारापाशी बायकांची दाटी पाहून त्याचे पाय जागीच खिळले.

बायकांनी वाट दिली. मालन घोंगडीवर कुशीवर निजली होती, डोके चंद्राक्काच्या मांडीवर. तोंड पुसलेले होते. चूल विझवलेली होती आणि राखेवर अजून वाफ दिसत होती. समोरची म्हातारी पायाशी बसून मालनचे तळवे चोळत होती. तिने शिष्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

चंद्राक्का त्याच्यावरच रागावली. एवढं धावत येऊन आणखी एक जण पाडायचा आहे का, असे म्हणून तिने त्याला बसायला लावले. तो बसला. 

काही वेळाने मालनने डोळे उघडले. इतकी वर्षे शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न एकच असे: कोणी पाहिलं का? आणि शिष्य दर वेळी नाही म्हणे. आज तिने भोवतालच्या सगळ्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली, म्हातारीवर ती क्षणभर थांबली, आणि मग तिने नवऱ्याला विचारले, ‘तुम्ही जेवलात का?’

शिष्याने नाही म्हणून सांगितले. चंद्राक्का त्याच्यासाठी भाकरी आणायला उठली, आणि बोळात एकेक माग पुन्हा चालू झाला.