घड्याळजी आणि पोवळ्याचा तुकडा

समुद्र दिसत नाही की ऐकू येत नाही, अशा एका डोंगरातल्या गावात एक घड्याळजी राहायचा. घरात मात्र त्याच्या समुद्र होता. काचेच्या पेटीत भरलेला, खिडकीएवढा. खारं पाणी, ते ढवळायला छोटा पंखा, वर निळसर दिवा, खाली दगडांचा ढीग आणि दोन पट्टेवाले मासे. मासे कायम रुसल्यासारखे.

हा समुद्र त्याच्या बायकोचा, द्वारकाचा. तिला पोवळ्यांचं वेड. अंगठीत बसवतात ते मेलेलं पोवळं नव्हे बरं का. जिवंत, झाडासारख्या फांद्या फुटणारं, अंगभर सुईच्या टोकाएवढी फुलं उघडणारं. द्वारका एखादी फांदी हलकेच तोडायची, दगडाच्या चकतीवर गोंदानं बसवायची, पाण्यात ठेवायची आणि पेटीसमोर हात मागे बांधून उभी राहायची.

घड्याळजी तिला चिडवायचा, की मास्तरांनी शिक्षा केलीय का.

ती म्हणायची, “रुजतंय ते. हात सांभाळतेय.”

पुढं द्वारका आजारी पडली. घड्याळजी तिच्या उशाशी बसून राहिला, पेटीकडं कोण बघणार. पोवळी एकेक करून पांढरी पडली. मग द्वारकाही गेली. मागं राहिले हे दोन मासे. घड्याळजी त्यांना खाऊ घालायचा, काच पुसायचा, पेटीतलं पाणी उडून कमी झालं की तेवढंच गोडं पाणी वरून ओतायचा. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं, हे तिनंच शिकवलेलं. पेटी पुन्हा नितळ झाली. पण आत नुसतेच दगड.

एक दिवस गावातली कासारीण आली. द्वारकाची जिवाभावाची मैत्रीण. घरोघर बांगड्या भरणारी, आणि एकाच्या टोपीत दुसऱ्याचा चष्मा लपवून तिसऱ्याला रागे भरणारी. आज मात्र गप्प होती. हातात पाण्याचं पातेलं, आणि त्यात नखाएवढा जांभळा तुकडा.

“भावजी, द्वारकीनं दिलेलं पोवळं माझ्याकडं होतं,” ती म्हणाली. “माझ्या पेटीचं पाणी नासलं, सगळं पांढरं झालं. एवढंच टोक जितं राहिलंय. माझ्याकडं ठेवलं तर हेही जाईल. तुमचं पाणी चांगलं आहे.”

घड्याळजीनं तुकडा बघितला. द्वारकाच्या हातचं, जगात उरलेलं, तेवढंच.

त्यानं चिमटा आणला. चकती कोरडी केली, गोंदाचा थेंब ठेवला, तुकडा उभा केला, धरला, सोडला. काम बघण्यासारखं झालं. इतकं बारीक त्या गावात दुसऱ्या कुणाच्यानं झालं नसतं.

पण घड्याळजीला एक खोड होती. बंद घड्याळ तर सगळेच घड्याळजी उघडतात. हा चालू घड्याळही उघडायचा, ते का चालतंय ते बघायला. त्याच्यापुढं मनगट करून वेळ सांगायची गावात कुणाची छाती नव्हती.

तीच खोड इथं आडवी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तुकडा बाहेर काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि बूड चिकटलं का ते हलवून बघितलं. परत ठेवला. दुपारी वाटलं, उजेड कमी पडतोय, म्हणून दिव्याजवळ नेला. संध्याकाळी वाटलं, उजेड जास्त होतोय, म्हणून खाली आणला. मग पंख्यासमोर. मग पंख्यामागं. मासेसुद्धा कंटाळून दगडाआड गेले.

पोवळं असं रुजतं: बुडाशी पापुद्र्यासारखी कड सुटते, ती गोंदावर चढते, गोंदावरून दगडावर. ती कड जरा कुठं सुटायची, की घड्याळजी भिंग घेऊन हजर. त्याच्या बघण्यातच ती फाटायची. तुकड्यानं फुलं मिटून घेतली ती उघडेनातच. जांभळा रंग उतरायला लागला.

कासारीण बघायला आली आणि तिनं कपाळावर हात मारला.

“भावजी, बांगडी भरताना बाई सारखी हात ओढून बघायला लागली, तर भरली जाईल का हो? फुटेल. हात काढा तिथनं.”

घड्याळजी हिरमुसला. म्हणाला, “काळजी घेतोय मी.”

“घ्या की. पाणी घाला, काच पुसा, माशांना चारा. फक्त त्याला बोट लावू नका.”

घड्याळजीनं मान हलवली, आणि मान हलवता हलवताच त्याचा हात चिमट्याकडं गेला. कासारणीनं ते बघितलं. ती घरी गेली आणि तिच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काखेत मारून परत आली. म्हणाली, हे बंद पडलंय. हे टिकटिक करीपर्यंत तुकड्याला शिवायचं नाही, द्वारकीची शपथ.

घड्याळजीला हसू आलं. लंबकाचं घड्याळ ते काय, जेवणाच्या आत होईल. घेतली शपथ.

घड्याळ उघडलं आणि त्याचं हसू मावळलं. मधलं एक दातेरी चाकच नाही. कासारणीला विचारलं, तर ती म्हणाली, पडलं असेल कुठंतरी, मिळालं तर आणून देते. तसलं जुनं चाक बाजारात कुठलं मिळायला. घड्याळजी पितळेचा पत्रा घेऊन बसला आणि कानशीनं एकेक दात घासायला लागला. एक दात बिघडला की सगळं चाक वाया, पुन्हा नवा पत्रा. कासारीण रोज डोकावायची, कमरेचं किल्ल्यांचं जुडगं खुळखुळवत, आणि विचारायची, “झालं का जेवणाच्या आत?”

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी घड्याळजी पेटीत गोडं पाणी ओतत होता आणि त्याची नजर तुकड्यावर गेली. तुकड्यावर तपकिरी बुरा बसला होता. एक फूल उघडं नाही. मेला वाटतं, असं त्याच्या मनात आलं. चिमटा शेजारीच. बघणारं कुणी नाही. एकदाच उचलून, फुंकर घालून, बूड तेवढं बघितलं तर काय होणार होतं?

चिमटा त्याच्या हातात आला. पाण्याला टेकलाही.

तेवढ्यात काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ही आपली जागा नाही असं त्याला वाटलं. इथं द्वारका उभी राहायची. हात मागे बांधून. त्याला वाटायचं ती नुसती बघत बसते. आज त्याला कळलं, हात मागे धरायला केवढा जोर लागतो.

त्यानं चिमटा खाली ठेवला. दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकानं दुसरा घट्ट धरला. उभा राहिला. डोळे भरून आले तरी पुसायलासुद्धा हात सोडला नाही. मग गुपचूप जाऊन दात घासायला लागला. चाकाचे हो.

शेवटी एकदाचं चाक बसलं. लंबक हलला, घड्याळ टिकटिकलं. कासारीण धावत आली. दोघं पेटीसमोर गेली.

बुरा पंख्याच्या पाण्यानं कधीच धुऊन गेला होता. तुकड्याच्या बुडाशी जांभळी कड सुटली होती, गोंद ओलांडून दगडावर आली होती. आणि अंगभर फुलं. बारीक बारीक, सगळी उघडी, पाण्याबरोबर डुलणारी.

“आता बघा की उचलून,” कासारीण म्हणाली. “शपथ सुटली.”

घड्याळजीनं हात मागे घेतले. “नको. उघडलंय ते.”

कासारणीनं पदरानं डोळे टिपले. मग कमरेचं जुडगं काढलं आणि किल्ल्यांतून एक पितळेचं दातेरी चाक सोडवून त्याच्या हातावर ठेवलं. रोज त्याच्या नाकासमोर खुळखुळत होतं. सुईएवढी खोट हेरणारा माणूस, पण हे काही त्याला दिसलं नव्हतं.

घड्याळजी चाकाकडं बघत राहिला आणि मग हसायला लागला. द्वारका गेल्यापासून पहिल्यांदाच. इतका, की मासे दगडाआडून बाहेर आले.

पुढं पोवळ्याला चांगल्या फांद्या फुटल्या. कासारणीनं तिची पेटी धुऊन नवं पाणी भरलं, ते निवळू दिलं. मग घड्याळजीनं एक फांदी तोडली, चकतीवर बसवली आणि पातेल्यात घालून तिच्या घरी नेऊन दिली. कासारणीनं ती पाण्यात ठेवली, आणि जरा तिरकी वाटली म्हणून लगेच बोट पुढं केलं.

घड्याळजी मागून म्हणाला, “हात.”

कासारणीनं मुकाट्यानं हात मागे घेतले. त्यानंही घेतले. आणि दोघं तशीच उभी राहिली, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखी.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी पाणी घालावं, काच पुसावी, शेजारी उभं राहावं, पण रुजलं का म्हणून सारखं उचलून बघू नये. आणि हात फारच शिवशिवत असतील, तर एखादं बंद घड्याळ उघडून बसावं.