पोलादातला चोर

खोलीचं कुलूप शाबूत, मोहोर शाबूत, आणि आत शंभरच्या शंभर एनॅमलची ताटं खराब! प्रत्येक ताटावरून माशाच्या खवल्यांएवढ्या टिकल्या उडालेल्या. राजकन्येच्या लग्नाची ताटं ती. पहाऱ्यावर म्हातारा बहिर्जी होता. झालं, धरा त्यालाच! केवढी ही हुशारी!

बहिर्जीची लेक सगुणा संस्थानच्या एनॅमल कारखान्यात पोलादी पत्रे तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवून साफ करायची. ती तडक दरबारात आली. जीभ तिची भलतीच तिखट.

"महाराज, माझ्या बापानं ताटांना बोटही लावलं नाही."

"मग आत शिरलेला चोर आण!" महाराज गरजले. "उद्या दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर! नाहीतर बाप तुरुंगात."

"आणते की!"

दुसऱ्या दिवशी तिनं काय आणलं? काचेची बरणी! बरणीत कोमट ग्लिसरिन. तेजाबातून नुकताच काढून धुतलेला पत्र्याचा तुकडा तिनं त्यात सोडला. थोड्या वेळानं पत्र्यातून बारीक बारीक बुडबुडे निघू लागले. एरवी नुसत्या माना डोलावणारे दरबारी आज माना लांबवून बघू लागले.

"हा चोर! हायड्रोजन वायू," सगुणा म्हणाली. "पत्रा तेजाबात बुडाला की हा पोलादात शिरतो. वर एनॅमलचा काचेसारखा लेप भाजला की आतच कोंडला जातो. मग चार दिवसांनी जोर करून बाहेर पडतो, एनॅमलच्या टिकल्या उडवीत. खोलीला कुलूप लावून काय होणार? चोर ताटातच होता!"

महाराज हार मानतील तर ना! "सापडला ना? घाल बेड्या!"

"घालते की. बेड्या कशाच्या, महाराज?"

"पोलादाच्या! आणखी कशाच्या?"

"आणि हा बाहेर कशातून पडतोय?"

दिवाणजींना ठसका लागला. महाराजांनी मिशी चावली. "बरं, मग तो एवढा आत घेतला कुणी? त्यालाच शिक्षा!"

"आम्ही पत्रे दहा मिनिटं बुडवतो. लग्नाच्या ताटांचे तासभर बुडवले. चकाकी जास्त हवी, असा लेखी हुकूम आला होता."

"कुठल्या गाढवाचा हुकूम?"

सगुणानं कागद अदबीनं पुढे धरला. "खाली सही आहे. मी वाचू, की महाराज स्वतःच ओळखतील?"

महाराजांनी सही पाहिली. कान लाल झाले. मग असे खदाखदा हसले की बरणीसुद्धा हादरली! बहिर्जी तिथल्या तिथे सुटला, वर मानाचं पागोटंही मिळालं.

"आणि तुला काय हवं, पोरी?"

"तेजाबाच्या हौदावर यापुढे हुकूम फक्त माझा!"

"दिला!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "तसा लेखी हुकूमही देतो. सही माझीच, चालेल ना?"